धाकटे दादा

३ जून

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते नेहमीच्या जागी मानून घे. हे पत्र बायकोला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण शेजाऱ्यांच्या हाती पडू देऊ नकोस. वरच्या एका शब्दाने माझी चाळीस वर्षांची मेहनत पाण्यात जायची. फोन का केला नाही म्हणून विचारशील. फोनवर तू 'हं'च्या पुढे सरकत नाहीस, आणि माझ्या हातात फोन आला की मला आपोआप अभिनय सुटतो. खरं बोलायचं असलं की मी लिहायला बसते. आता शेवटचं पत्र कधी आलं होतं ते आठवून बघ.

मला नाटक मिळतंय! मालिका नाही, नाटक. मालिकेत अकरा वर्षं मी एकच काम करते आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून "या घरात हे चालणार नाही" असं म्हणायचं. आणि मग ते चालतं. नाटकात पाच म्हाताऱ्या दवाखान्यात बाकावर बसल्या आहेत, डॉक्टर येतच नाही, आणि दोन तास एकीनेही रंगमंच सोडायचा नाही. तालमीची जागा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर खुर्च्या आपोआप पुढे सरकतात. मी त्या हलत्या खुर्चीत बसून चार पानं वाचली. वाचून झाल्यावर दिग्दर्शिकेने डोळे पुसले. तिशीची पोर आहे, केस कापलेले, कायम घाईत. म्हणाली, "मॅडम, अप्रतिम. पण तुम्ही त्रेसष्टच्या. पाचही जणी खरोखर सत्तरीपुढच्या हव्यात, माझी अटच आहे. मला अभिनय नकोय, गुडघे हवेत."

मी म्हटलं, "बाळ, मला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली." तर ती हसली आणि म्हणाली, "केवढी निष्ठा! भूमिकेसाठी वय वाढवून सांगणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

आता माझ्या सगळ्या कागदांवर खोटीच तारीख आहे, हे तुला ठाऊकच आहे. चौतिसाव्या वर्षी पहिला चित्रपट मिळाला तेव्हा मी तेवीस सांगितले. मुलाखत घ्यायला आलेल्या माणसाने तुझं टक्कल बघून विचारलं, "हे थोरले बंधू का?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तुझ्या टकलाने मला गोत्यात आणलं असतं. बारा वर्षांनी मोठे, हे मात्र माझ्या तोंडून उगाच निघून गेलं.

खरा कागद एकच, माझा शाळा सोडल्याचा दाखला. तो तुझ्याकडे होता. एकतीस वर्षांपूर्वी एक वार्ताहर तुमच्या गावात माझी चौकशी करत हिंडत होता, तेव्हा मी तुला 'जाळून टाक' असं कळवलं होतं. पण तू माझं कुठलं काम सांगितल्या वेळी केलंस? त्याच भरवशावर लिहिते आहे. तालमी १ जुलैला सुरू होतात. शोध.

तुझी ताई

*

९ जून

ताई,

नमस्कार. दाखला जाळला. तू सांगितलंस त्याच दिवशी. एकदाच तुझं ऐकलं आणि तेही नडलं.

इकडची तऱ्हा ऐक. ५ जुलैला ग्रंथालयात माझ्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे. हसू नकोस. मी सत्तरचा आहे हे तुला, मला आणि हिलाच ठाऊक. गावाने तुझ्या मुलाखती वाचल्या आहेत. ग्रंथालयाच्या चिटणिसांकडे तर तुझ्या कात्रणांच्या वह्या आहेत, त्या मीच बांधून दिल्या. त्यांनी तुझ्या वयात बारा मिळवले आणि पुस्तिका छापायला टाकली. मागे एकदा मी न्हाव्याला माझं खरं वय सांगून पाहिलं. तो कात्री थांबवून म्हणाला, "दादा, बाई काय छापून खोटं सांगतील?"

पंचाहत्तरीमुळे माझे हाल चालले आहेत. चिटणिसांनी हात जोडून सायकल सोडायला लावली. भेट म्हणून कोरीव मुठीची काठी ठरली आहे, तिच्यासाठी शिंपी घरी येऊन माप घेऊन गेला. परवा बँकेत एका ऐंशीच्या गृहस्थांनी मला बसायला जागा दिली. हिला शेजारणी विचारतात, "एवढ्या मोठ्या वयाचा नवरा कसा हो केलात?" ही म्हणते, आता चारचौघांत तुम्हाला 'अहो' म्हणताना माझाच आवाज आपोआप खाली येतो.

पण खरं सांगू? मला तो सत्कार हवा आहे. चाळीस वर्षं मी या गावात नटीचा भाऊ. कुणी पुस्तक बांधायला आलं तरी आधी मालिकेत पुढे काय होणार ते विचारतं. पहिल्यांदाच ग्रंथालयाने मी बांधलेली पुस्तकं काचेच्या कपाटात मांडली आहेत, प्रत्येकापुढे पाटी. काल एक मास्तर कपाटापुढे उभं राहून नुसती शिवण बघत होते. तुझ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला रडूच आलं.

तर दाखला नाही. दुसरं काही होतं का बघ.

बारक्या

*

१५ जून

बारक्या,

दुसरं काही होत नाही. सगळं करून पाहिलं.

आधी हाडांच्या डॉक्टरकडे गेले. गुडघ्यांचे फोटो काढवले, म्हटलं हेच दिग्दर्शिकेपुढे ठेवते. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाला, "अभिनंदन, पन्नाशीतले गुडघे आहेत." मी म्हटलं, जरा नीट बघा, काहीतरी बिघाड असेल. त्याने पुन्हा बघितलं, पंचेचाळीसवर आला आणि दिग्दर्शिकेलाही फोनवर तेच सांगितलं.

मग माझी जुनी सहनायिका आठवली. आम्ही एकाच वर्षी फिरत्या नाटक मंडळीत दाखल झालो, एका ट्रंकेवर शेजारी झोपलो. तिला म्हटलं, माझ्या वयाची साक्ष दे. ती म्हणाली, "आनंदाने दिली असती गं, पण मी सध्या एकोणसाठची आहे. मग तुझ्याबरोबर नाटक मंडळीत आले तेव्हा मी काय वजा होते?" चहा चांगला दिला.

शेवटी पाठ असलेली जुनी नाटकं दिग्दर्शिकेला म्हणून दाखवली, साठ वर्षांपूर्वीची, माझ्या तोंडची आणि इतरांच्याही. ती म्हणाली, "तुमचा अभ्यास दांडगा आहे." आता सांग, खरं बोलणाऱ्या बाईने करायचं तरी काय? खोटं बोलले तेव्हा एका मिनिटात सगळ्यांनी विश्वास ठेवला.

त्यात तुमच्या चिटणिसांचं पत्र आलं. मी प्रमुख पाहुणी! 'दादांनी आपणांस बोट धरून चालायला शिकवलं, ती आठवण भाषणात यावी,' अशी विनंती केली आहे. बारक्या, मी चालायला शिकले तेव्हा तू जन्मायला तीन वर्षं होती. पण मी हो कळवलं आहे. भाषणही लिहिलं, दुसऱ्या परिच्छेदात मी स्वतःच रडले. तुझ्या सत्काराला मी नाही म्हणणार नाही.

एक मात्र ऐकून ठेव. मला या भूमिकेचा हव्यास कशासाठी, ते मी कुणालाच सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी रंगमंचावर खरी आणि खाली उतरले की खोटी. मेकअप उतरवायची बाई मिळते, हे उतरवायला कुणी मिळत नाही. वाटलं होतं, एकदा तरी आहे त्या वयाची होऊन लोकांपुढे बसावं. बाकावर नुसतं बसायचं होतं रे.

तू पुन्हा एकदा ट्रंक उपस. नसेल, ठाऊक आहे. तरी उपस.

ताई

*

२० जून

ताई,

मी खोटं लिहिलं. दाखला जाळला नव्हता.

रागावण्याआधी पुढचं वाच. तुझं 'जाळून टाक' आलं तेव्हा मी काडी पेटवली होती. मग कागद उलटून पाहिला, आणि काडी विझवली. मागच्या बाजूला काय आहे ते तू विसरली असशील. मी आत्ता सांगत नाही. पण वार्ताहर गावात होता, घर सुरक्षित नव्हतं. त्या दिवसांत ग्रंथालयाची पुस्तकं बांधायला आली होती. त्यातला पाणीपुरवठा खात्याचा वार्षिक अहवाल मी निवडला, कारण तो कुणी वाचणार नाही याची खात्री होती. पुठ्ठा आणि अस्तराचा कागद यांच्या मधे खळ न लावता एक कप्पा ठेवला, त्यात दाखला सरकवला आणि वरून अशी बांधणी केली की कुणाला संशय येऊ नये. कापडी पाठ, चारही कोपऱ्यांना चामडं. हातचं काही राखलं नाही. घरातली चोरी होती, ती नीटच करायला हवी होती.

एकतीस वर्षांत तो अहवाल एकदाही कुणी घरी नेला नाही. म्हणून तो सगळ्यांत चांगला राहिला. आणि म्हणून चिटणिसांनी काचेच्या कपाटात मधोमध तोच ठेवला आहे. पाटी आहे: 'दादांची सर्वोत्कृष्ट बांधणी.' कपाटाला कुलूप.

ताई, दाखला काढायचा तर ती बांधणी फाडावी लागेल, आणि का फाडली ते सांगावं लागेल. मग मी पंचाहत्तरचा नाही, दादा नाही, आणि चाळीस वर्षं गावाला फसवलेला माणूस. ५ जुलैपर्यंत थांब. सत्कार होऊ दे, सहा तारखेला मी स्वतः दाखला घेऊन येतो. दिग्दर्शिकेला सहा दिवस थांबव. एवढं कर. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

बारक्या

*

२४ जून

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या बहिणीचा नमस्कार.

चिडून नाही, सराव म्हणून लिहिते आहे. भाषणात अडखळायला नको.

दिग्दर्शिका सहा दिवस थांबायला तयार नाही. चौथ्या म्हातारीसाठी तिला एक निवृत्त परिचारिका सापडली आहे, एकाहत्तरची, गुडघे पार गेलेले. मी त्या पोरीला सांगून टाकलं की मी त्रेसष्टचीच आहे, थट्टा केली होती. तिने लगेच विश्वास ठेवला.

तू आजवर काही मागितलं नाहीस हे खरं आहे. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी तीनदा वाचलं. तेव्हा त्या अहवालाला हात लावू नकोस. मी ४ तारखेला संध्याकाळच्या बसने येते. काठी घेऊन उभा राहा, जरा वाकून. मी तुझ्या पाया पडेन तेव्हा हसलास तर याद राख.

तुझी छोटी

*

३० जून

ताई,

बस पकडू नकोस. आणि ती 'छोटी' वाचून माझ्या हातून खळीचं भांडं सांडलं, ते आधी भरून दे.

पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "वन्सं तुमच्या पाया पडणार आणि तुम्ही पडू देणार? जमेल?" मी सायकल काढली.

ग्रंथालयात चिटणिसांना म्हटलं, तो पाणीपुरवठ्याचा अहवाल मला वाचायला हवा आहे. ते म्हणाले, "वाचायला?" मी म्हटलं, या वयात पाण्याचं महत्त्व कळतं. त्यांनी कुलूप काढलं, कार्डावर नोंद केली. एकतीस वर्षांतला पहिला वाचक मी. घरी नेऊन गुपचूप उघडायचा विचार होता. पण ते मला दारापर्यंत सोडायला आले, जिना उतरताना कोपराला धरलं, म्हणाले, "सावकाश, दादा." ताई, तिथे माझा धीर सुटला. मी परत वर गेलो, त्यांच्याच टेबलावर अहवाल ठेवला, खिशातली सुरी काढली आणि अस्तर कापलं.

"अहो दादा, हे काय करता!"

"मी दादा नाही," मी म्हटलं. "मी बारक्या आहे."

सगळं सांगितलं. दाखला दाखवला. चिटणीस खाली बसले. मला वाटलं आता पोलीस, नाहीतर निदान सभासदत्व तरी रद्द. दाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "म्हणजे ताई चौऱ्याहत्तरच्या?" चिटणीस चौसष्टचे आहेत. इतकी वर्षं ते तुला आपल्यापेक्षा एका वर्षाने लहान समजत होते, आणि त्या एका वर्षावर बिचाऱ्यांनी काय काय बांधलं होतं कोण जाणे. मी त्यांना पाणी दिलं.

काल सकाळची बस धरून मी तुझ्या शहरात आलो होतो. तुला कळवलं नाही, तू अडवलं असतंस. छापखाना शोधायला काय लागतं, शाईच्या वासावर गेलो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्ही दादा? पंचाहत्तरचे? वाटत नाही हो!" मी म्हटलं, नसणारच, मी सत्तरचा आहे आणि तुमच्या चौथ्या म्हातारीचा धाकटा भाऊ आहे. दाखला दिला. तिने पुढची बाजू वाचली, मग उलटून मागची वाचली. मग उठून खिडकीशी गेली. तिथूनच म्हणाली, "पण डॉक्टर म्हणतो त्यांचे गुडघे पंचेचाळीसचे आहेत." मी म्हटलं, तेवढा अभिनय ती करेल.

ती तुला उद्या सकाळी फोन करेल, म्हणजे हे पत्र पोचायच्या आधीच. परिचारिकेला पाचवी म्हातारी केलं आहे, ती जागा रिकामीच होती.

आता मागची बाजू. तुला आठवत नसणारच. तू चौदाची होतीस, मी दहाचा. वडील जाऊन दोन महिने झाले होते. नाटक मंडळीची गाडी पहाटे निघायची होती आणि मी झोपलो होतो. घरात दुसरा कागद नसेल, म्हणून तू दाखल्याच्या मागेच पेन्सिलने लिहून माझ्या उशाशी ठेवलंस:

'बारक्या, रडू नकोस. आईला त्रास देऊ नकोस. मी येईपर्यंत तू मोठा हो.'

तू गेलीस म्हणून मी शिकलो, हे मला कळतं. मी त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही, कारण आपल्यात तसं बोलायची सवय नाही. पण त्या मुलाखतवाल्यापुढे तू मला दादा म्हणालीस ना, तेव्हा मला राग आला नव्हता. वाटलं, ठीक आहे, सांगितलंच होतं तिने. झालो मोठा. फक्त तू येतेस कधी, तेवढं बघत होतो.

कमिटीची बैठक झाली. सत्कार रद्द नाही. पाच वर्षं पुढे ढकलला आहे. पुस्तिका आणि काठी कपाटात ठेवली, तशी रीतसर नोंद केली. ५ तारखेला प्रदर्शन मात्र होणार, नुसतं बांधणीचं. फाडलेला अहवाल मधोमध, तसाच उघडा. चिटणिसांनी स्वतः नवीन पाटी लिहिली: 'बांधणीची आतली बाजू.' न्हावी येऊन बघून गेला. म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो, तुम्ही सत्तरचे दिसता."

बारक्या

*

२८ ऑगस्ट

चिरंजीव बारक्या,

हे संबोधन खोडू नकोस. पाकिटावरही मी तेच लिहिलं आहे, पोस्टमनने वाचावं म्हणून.

तुझं पत्र आल्यानंतर थेट आज लिहिते आहे, कारण मला ते पेन्सिलचं खरंच आठवत नव्हतं. साठ वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं पाठ केली, आणि माझं स्वतःचं एकच होतं ते विसरले. दिग्दर्शिकेने दाखला परत दिला तेव्हा मी मागची बाजू वाचली आणि तालीम अर्धा तास थांबली. परिचारिका माझा हात धरून बसली. खाली यंत्र सुरू झालं, खुर्च्या सरकल्या, आम्ही पाचही जणी एकमेकींवर आदळलो, तेव्हा कुठे हसू आलं.

वर्तमानपत्रात माझी खरी जन्मतारीख छापून आली. वाटलं होतं आभाळ कोसळेल. सहनायिकेचा तेवढा फोन आला. "तू फुटलीस तर मला तरी कळवायचं होतंस," म्हणाली. ती आता बासष्टची झाली आहे, हळूहळू येते म्हणे. मालिकावाल्यांनी मला जिन्यावरून उतरवलं, या वयात पायऱ्या नकोत म्हणून. मी त्यांना म्हटलं, या घरात हे चालणार नाही. चाललं.

पहिला प्रयोग १२ सप्टेंबरला आहे. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या ठेवल्या आहेत. एक तुझी, एक तुझ्या बायकोची, तिला सांग की मी आता तिला चारचौघांत वहिनी म्हणणार नाही, नावाने हाक मारीन. तिसरी चिटणिसांची. त्यांना धीर देऊन आण. मी त्यांच्याशी दोन शब्द बोलेन, जपून.

नाटकाच्या पत्रिकेवर प्रत्येकीने आपली माहिती चार ओळींत द्यायची आहे. मी अठ्ठावन्न नाटकांची यादी खोडली. जन्मतारीख लिहिली, आणि तिच्याखाली: 'एक धाकटा भाऊ. पुस्तकं बांधतो.' दिग्दर्शिका म्हणाली, अजून दोन ओळींची जागा आहे. मी म्हटलं, ती मी पत्रात वापरणार आहे.

बारक्या, यायला मला साठ वर्षं लागली. पण आले रे. आता तू लहान हो.

ताई
(वय वर्षे चौऱ्याहत्तर)